शेवटी घोडी मरते

मित्रांनो, समजा तुम्ही नव्या वर्गात पाऊल टाकले आणि तुम्ही आपले नाव सांगण्याआधीच मागच्या बाकावरून कुणी ओरडले, "याचे पुढे काय होणार ते मला माहीत आहे!" तर तुम्हाला कसे वाटेल? माझ्या वाट्याला नेमके हेच आले. मी एक जुनी कादंबरी आहे. माझे नाव 'मिठाची वाट'. माझ्या पहिल्याच पानावर, नावाच्या बरोबर खाली, कुणीतरी निळ्या शाईने ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहे, 'शेवटी घोडी मरते.'

पण तिथवर यायला वेळ आहे. आधी माझा जन्म सांगते.

मी एका छापखान्यात जन्मले. तिथे शिशाचे खिळे जुळवणारा एक माणूस होता. एकेक अक्षर चिमटीत धरून तो ओळीत बसवायचा. माझी गोष्ट एका मीठविक्याची आणि त्याच्या पांढऱ्या घोडीची. डोंगरापलीकडच्या वस्तीत मीठ संपलेले असते आणि ही दोघे पाठीवर गोण्या घेऊन निघतात. वाटेत नदी लागते. ते प्रकरण जुळवताना त्या माणसाचा हात चालेनासा झाला. यंत्रावरचा गडी वैतागून म्हणाला, "झोपलास की काय?"

"झोपलो नाही रे," तो म्हणाला, "घोडी मध्यावर आहे. तिला काठाला लागू दे, मग देतो तुला पान."

मला मिळालेली ही पहिली शाबासकी. अजून अंगावर मूठभर मांस चढते.

पुढे मला दोऱ्याने शिवले, पाठीला खळ लावली आणि गडद हिरव्या कापडाचा अंगरखा घातला. वास तर असा सुटला होता की मीच माझ्यावर खूश होते. मग मी एका गावच्या ग्रंथालयात आले. पोस्टाच्या वरच्या मजल्यावर ते होते. लाकडी जिना, लांब टेबल, नदीकडे उघडणारी खिडकी आणि दाराशी बसलेल्या ग्रंथपालबाई. बाईंचा अर्धा दिवस चष्मा शोधण्यात जायचा आणि उरलेला अर्धा "शूऽऽ" म्हणण्यात.

सुरुवातीची वर्षे माझी चैनच होती. मी फळीवर टेकते न टेकते तोच कुणीतरी मला उचलायचे. एका शिंप्याने मला वाचता वाचता गिऱ्हाइकाची बाही उलटी शिवली. गिऱ्हाईक भांडायला आले आणि जाताना मलाच मागून घेऊन गेले. माझी पाने हाताळून मऊ झाली, कोपरे गोल झाले. मला त्याचे काही वाटत नव्हते. माणसाच्या हाताने झिजावे, यासारखे सुख पुस्तकाला दुसरे नाही.

आणि मग कुणीतरी ते वाक्य लिहिले.

कुणी लिहिले ते मला आजही ठाऊक नाही. थट्टा म्हणून लिहिले असेल, नाहीतर घोडीसाठी रडून रडून चिडलेल्या एखाद्याने पुढच्यांना सावध करण्यासाठी. पण त्या एका ओळीने माझा घात केला. लोक मला उचलायचे, पहिले पान उघडायचे, "हात्तिच्या!" म्हणायचे आणि परत ठेवायचे. बाईंनी त्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवली. झाकली मूठ म्हटल्यावर तर सगळ्यांनाच ती उघडावीशी वाटू लागली. लोक मला खिडकीशी नेऊन उजेडात धरायचे, ओळ वाचायचे आणि मगच "हात्तिच्या!" म्हणायचे. शेवटी गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक झाले की त्या हिरव्या पुस्तकात घोडी मरते.

मी वरच्या फळीवरून मधल्या फळीवर आले, मधल्या फळीवरून अगदी खालच्या. तिथे केरसुणी लागायची. धूळ बसली. पाठीकडून कसर लागली. मी स्वतःलाच विचारायची, की माझ्यात एवढी पाने आहेत, एवढ्या वाटा, एवढे पाऊसपाणी, एवढी बोलणी. ती सगळी त्या एका ओळीत संपली का?

अशात एके दिवशी हिवाळ्यात एक मुलगी जिना चढून आली. गावात नदीवर पूल बांधायला घेतला होता. त्या कामावरच्या इंजिनियरची ती मुलगी. एका गावचे काम संपले की दुसरे गाव, असे त्यांचे चालायचे. कुणी काही विचारले की ती एकच उत्तर द्यायची, "आम्ही इथे थोडेच दिवस आहोत." म्हणून शाळेतल्या मुलांनी तिचे नाव पाडले होते पाहुणी.

ती बाईंपुढे उभी राहिली. "शेवट आधीच कळतो असं एखादं पुस्तक आहे का?"

बाईंनी चष्मा वर सरकवला. "लोक उलटं मागतात गं."

"मला आधी कळलेलं बरं पडतं."

"का?"

"मग नंतर त्रास होत नाही."

बाई खुर्चीवरून उठल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकल्या, मला ओढून काढले, फुंकर घातली आणि तिच्या हातात दिले.

पाहुणीचे घर म्हणजे नुसती खोकी. अर्ध्याहून जास्त खोक्यांची दोरीसुद्धा सुटलेली नव्हती. खिडकीला पडदे नव्हते. तिची आई म्हणायची, "काय उघडायचं आणि काय बांधायचं! तेवढ्यात निघायची वेळ येते." शेजारणीने हाक मारली तर ती दारातूनच हसायची. पाहुणीने घरी येताच माझे शेवटचे पान काढले. उभ्या उभ्या वाचले. डोळ्याला पाणी नाही, चेहऱ्यावर रेघ नाही. मग ती पहिल्या पानाकडे वळली.

ती मला घेऊन बसायची बेकरीच्या बाजूच्या बाकावर. बेकरीची भट्टी त्या भिंतीला लागून होती, त्यामुळे थंडीतही पाठ गरम राहायची. समोर नदी आणि नदीवर पूल. तो दोन्ही काठांकडून एकदमच पुढे येत होता. मध्ये मोठी मोकळी जागा होती, आणि ती रोज थोडी कमी व्हायची.

बेकरीवाल्याची मुलगी मागच्या पायरीवर बसून पावाचे ट्रे पुसायची. तिचा आवाज असा की तिने भट्टीपाशी हाक मारली तर नदीपलीकडचा माणूस मागे वळून बघेल. तिला सगळे भोंगा म्हणायचे. तिलाही त्याचे कौतुकच होते.

"ए पाहुणी!" ती ओरडली. "त्यात घोडी मरते!"

"माहीत आहे," पाहुणीने मान वर न करता सांगितले.

"मग कशाला वाचतेस?"

"माहीत आहे म्हणूनच वाचते."

भोंग्याने आणखी एक ट्रे पुसला. तिला गप्प बसणे जमत नसे. "आत्ता कुठे आहे घोडी?"

"नदीत."

"बुडते?"

"नाही. ती शेवटी मरते, नदीत नाही."

"पण पाठीवर तर मिठाच्या गोण्या आहेत ना? मीठ भिजेल की!"

"भिजतंय."

"मग?" भोंगा ट्रे घेऊन उभीच राहिली. "मग ती पलीकडे जाते कशी?"

मित्रांनो, मी तिथे पाहुणीच्या मांडीवर उघडी पडले होते. मला वाटले, माझ्या शिवणीतला दोरा न् दोरा ताठ झाला. घोडी मरते हे साऱ्या गावाला माहीत होते. ती नदी कशी ओलांडते, हे मात्र इतक्या वर्षांत कुणी विचारलेच नव्हते.

पाहुणी बाकावर थोडी सरकली आणि मोठ्याने वाचू लागली.

त्या दिवसापासून रोज दुपारी वाचन. पाहुणी वाचायची, भोंगा ऐकायची. ऐकायची म्हणजे काय, सारखी मध्ये बोलायची. "थांब, थांब! हे ट्रे आत ठेवून येते, तोवर घोडीला हलवू नकोस!" मीठविक्या चुकीच्या वाटेला लागला की ती त्याला शिव्या घालायची. घोडीने गोणीतले मीठ चोरून चाटले तेव्हा दोघी इतक्या हसल्या की आतून बेकरीवाला बाहेर आला. "घोडी कुठे पोचली ते कळलं," तो म्हणाला, "माझे ट्रे कुठे पोचले तेवढं सांगा." तरीही जाताना तो पावाच्या खरपूस कडा त्यांच्या हातात देऊन गेला. माझ्या पानांवर पिठाची बोटे उमटली. एका पानावर लोण्याचा डाग पडला. खरे तर पुस्तकाने रागवायला हवे. मी नाही रागावले.

पाहुणीही बदलत होती. घोडी मरणार हे तिने स्वतः वाचलेले होते, तरी डोंगराच्या कड्यावरून घोडीचा पाय घसरला तेव्हा तिचा आवाज कापला. ती स्वतःच दचकली. भोंगा म्हणाली, "अगं, आत्ता नाही मरत ती. तूच सांगितलंस ना?"

"हो गं," पाहुणी म्हणाली, "पण लागलं तर असेल."

मग दोघींच्या गप्पा वाढल्या. भोंग्याने तिला भट्टीत पाव कसा सरकवायचा ते दाखवले. पाहुणीने तिला पुलाचे खांब पाण्यात कसे उभे राहतात ते समजावले. शाळेतून येताना दोघी हात धरून येऊ लागल्या. आणि समोर पूल वाढत होता. गावातले लोक संध्याकाळी काठावर येऊन कौतुकाने म्हणायचे, "आता राहिलाच किती!" पाहुणी तिकडे पाठ करून बसू लागली.

एके संध्याकाळी तिचे बाबा घरी आले ते अगदी खुशीत. जेवताना म्हणाले, "पुढच्या आठवड्यात दोन्ही टोकं भिडतायत बघ. मग आपण मोकळे!"

पाहुणीने ताट सरकवले.

दुसऱ्या दिवशी ती बाकावर गेली नाही. तिने मला थेट ग्रंथालयात नेऊन टेबलावर ठेवले. माझे शेवटचे प्रकरण तेवढे वाचायचे राहिले होते. बाईंनी विचारले, "झालं वाचून?" ती पाठ फिरवून जिना उतरली. पुढे मला कळले की प्रत्येक गावात ती असेच करायची. निघायचे दिवस जवळ आले की बोलणे बंद. निरोप घ्यायलाच नको, मग त्रासही नको.

भोंगा बाकावर वाट पाहून पाहून दमली. तिसऱ्या दिवशी ती धाडधाड जिना चढून वर आली आणि तिने मला टेबलावर पाहिले.

"हे इथे कसं? आमचं शेवटचं प्रकरण राहिलंय!"

साऱ्या टेबलावरच्या माना वर झाल्या. बाई हळूच म्हणाल्या, "तिने परत केलं. तुला तर शेवट माहीत आहे ना गं?"

"माहीत असला म्हणून काय झालं?" भोंग्याचा आवाज छताला लागला आणि मधेच फाटला. "आम्ही वाचलं नाही तर घोडी एकटीच मरेल ना!"

कुणी हसले नाही. बाईंच्या तोंडून "शूऽऽ" आले नाही. त्यांनी मला उचलून भोंग्याच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "जा. पळ."

भोंगा मला छातीशी धरून पाहुणीच्या घरी आली. दार तिच्या आईने उघडले. आत पुन्हा दोऱ्या बांधणे चालले होते.

"काकू, तिला बाहेर पाठवा."

आई आत जाऊन आली. तिचा चेहरा ओशाळला होता. "ती नाही म्हणते गं, बाळा. तिचं असंच असतं. तू मनावर घेऊ नकोस."

"बरं," भोंगा म्हणाली. ती घरी गेली नाही. दाराबाहेरच्या पायरीवर बसली, मला उघडले आणि शेवटचे प्रकरण मोठ्याने वाचू लागली.

मित्रांनो, भोंग्याचे वाचन म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावरची बैलगाडी. एक शब्द धडपडत, दुसरा गडप. समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. एक म्हातारे गृहस्थ अंगणात येऊन उभे राहिले. भोंगा बोट फिरवत वाचतच होती. "घोडीने मान टाकली. मीठविक्याने... कमरेचा... कोयता सोडला..."

"कसा!" आतून आवाज आला. "कमरेचा कसा! कसा म्हणजे पिशवी! कोयता कशाला सोडेल तो?"

"मला काय माहीत? इथे अंधारून आलंय!" भोंगा ओरडली आणि पुढे वाचू लागली. "त्याने... कमरेच्या कशातून... मिठाचा घडा काढला..."

"खडा! मिठाचा खडा!"

"पिशवीत घडा नसतो होय?"

दार उघडले. पाहुणी बाहेर आली. डोळे लाल झालेले, केस विस्कटलेले. "दे इकडे," ती म्हणाली. "तू तिची वाट लावशील."

ती पायरीवर भोंग्याला खेटून बसली आणि वाचू लागली. मीठविक्या मिठाचा खडा तळहातावर ठेवतो. वस्तीचे दिवे समोर दिसत असतात. घोडीने सगळा डोंगर पार केलेला असतो. ती त्याचा तळहात चाटते, हळूहळू, खडा संपेपर्यंत. मग तिचा श्वास थांबतो. तो तिच्या मानेवर हात ठेवून बसून राहतो, आणि मग उठून गोण्या स्वतःच्या खांद्यावर घेतो, कारण वस्तीतली माणसे मिठाची वाट पाहत असतात.

पाहुणीला शेवटच्या ओळी वाचता आल्या नाहीत. त्या भोंग्याने अडखळत पुऱ्या केल्या. दोघींची आसवे माझ्या पानावर पडली. ते पान आजही तिथे थोडे फुगलेले आहे.

"हे पान मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं," पाहुणी हुंदके देत म्हणाली. "तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. तेव्हा कुठलीतरी घोडी मेली होती. आज आपली मेली."

भोंग्याने फ्रॉकने नाक पुसले. "मग? नको होतं वाचायला?"

पाहुणीने ओल्या पानावर फुंकर घातली. "नाही," ती म्हणाली. "वाचायलाच हवं होतं."

"तू जाणार हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," भोंगा म्हणाली. एरवी कधी नाही इतक्या हळू. "तरी मी बसले ना तुझ्याजवळ? आणि तू मात्र न सांगता बोलणंच टाकलंस."

पाहुणीने तिच्या खांद्यावर डोके ठेवले.

दारात तिची आई उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ती आत गेली, बांधून झालेल्या एका खोक्याची दोरी तिने सोडली, तळातून जाड शाल काढली आणि बाहेर येऊन दोघींच्या अंगावर घातली. "सावकाश बसा," ती म्हणाली. "सामान काय, बांधता येतं मागाहून." मग तीही पायरीवर बसली, आणि अंगणातल्या म्हाताऱ्यांनी विचारले, "पुढचं वाचा की," तेव्हा हसली. "संपलं हो काका. हवं तर पहिल्यापासून वाचू."

राहिलेले दिवस दोघींनी अगदी पुरवून पुरवून वापरले. पुलाची टोके भिडली तेव्हा दोघी काठावर होत्या आणि सर्वांत मोठा जयघोष अर्थात भोंग्याचा होता. निघायच्या सकाळी ग्रंथपालबाई स्वतः जिना उतरून खाली आल्या. त्यांनी मला पाहुणीच्या हातात दिले. पाहुणी म्हणाली, "पण भोंग्याला?"

"तू ने," भोंगा म्हणाली. "मला तोंडपाठ आहे. चुकांसकट."

टेम्पो नव्या पुलावरून निघाला. भोंगा मागे धावत आली, गरम पावाची पिशवी आत फेकली आणि पुलाच्या मध्यावर थांबून हात हलवत राहिली. पाहुणी रडू लागली. आधी हळू, मग मोठमोठ्याने. बाबा घाबरले. इतकी गावे बदलली, पण पोर कधी रडली नव्हती.

"काय झालं? काय दुखतंय तिला?"

"काही दुखत नाही," आई म्हणाली. "मैत्रीण आहे तिची इथे."

मित्रांनो, पुढच्या गावी पाहुणीच्या आईने पहिल्या दिवशी पडदे लावले. पाहुणीने तिथेही मैत्रिणी केल्या आणि तिथूनही ती रडतच निघाली. भोंग्याशी तिचे नाते टिकले. मध्ये काही वर्षे बोलणे विरळ झाले, मग पुन्हा जुळले. आज पाहुणीचे केस पांढरे झाले आहेत. भोंगा मुक्कामाला येते तेव्हा शेजारच्या घरात न सांगता कळते. माझी पाठ सुटली होती, ती पाहुणीने मेण लावलेल्या दोऱ्याने स्वतः शिवली. दर हिवाळ्यात ती मला एकदा वाचते. नदीचे प्रकरण आले की चहा गार होतो.

तुमच्याजवळ माझ्यासारखे एखादे जुने पुस्तक असेल, तर त्याला ओल आणि कसर यांपासून जपा. त्याची पाने दुमडू नका, त्याच्यावर शाईने काही खरडू नका. पण हात लागू नये म्हणून त्याला कपाटात कोंडूही नका. कुणी येऊन सांगेल, "कशाला वाचतोस, शेवट तर ठाऊकच आहे!" त्याला बाकावर आपल्या शेजारी जागा करून द्या आणि सांगा, "बस. घोडी आत्ता नदीत आहे."